बहिणीच्या गुडघ्यावरची निळी टेप

माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला तो मंगळवारी, सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना, विरार पूर्वेला चंदनसारच्या एका मैदानावर. करणारे दोघं होते. एक तिचे भरतीचे सर. दुसरी मी.

हे आधीच सांगून टाकते, कारण मी पत्रकं लिहिते, आणि पत्रकं लिहिणाऱ्याला दोष नेहमी समोरच्याच्या अंगणात दिसतो. पाणी, रस्ते, मैदानांना कुंपण घालून गिळणारे, सगळ्यांवर लिहून झालंय माझं. एक पान, मोठा टाइप, कुणी, केव्हा, काय केलं. या वेळी तसंच लिहायला बसले आणि ‘कुणी’पाशीच हात थांबला.

बहीण पोलीस भरतीची तयारी करते. मागच्या वेळी आठशे मीटरला थोडक्यात मागे पडली आणि यादीत नाव आलं नाही. या वेळी पुन्हा हॉल तिकीट आलं. मैदानी चाचणी महिन्यावर होती: आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. पुढची भरती केव्हा निघेल हे कुणी सांगत नाही. म्हणजे हीच एक समजायची. आमच्या घरात या महिन्याभरात दुसरा विषय नव्हता. आई भाजी निवडतानासुद्धा विचारायची, “आज किती धावलीस?”

त्या मंगळवारी मी मैदानावर गेले ती सह्या गोळा करायला. मैदानाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी रातोरात पत्रे ठोकले होते, त्याविरुद्ध निवेदन द्यायचं होतं. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मैदानाच्या कडेच्या उंच भिंतीला पाठ लावून वीसेक मुली रांगेत उभ्या होत्या, एकेक पाय विटेवर, ट्रॅक पँट गुडघ्याच्या वर गुंडाळलेली. सर हातात निळ्या टेपचं रीळ आणि कात्री घेऊन रांगेच्या टोकाशी.

“कोणाला दुखतंय?” सर ओरडले. “दुखतंय त्यांनी बाजूला.”

कुणी हललं नाही.

बाजूला म्हणजे भिंतीच्या टोकाला, जिथे एक तुटका बाक आहे. तिथे जी बसेल तिला सर म्हणायचे, “या, पेन्शनर.” तो शब्द मुलींनी उचलला होता. एक मुलगी दोन दिवस त्या बाकावर बसली, तर तिसऱ्या दिवशी तिला पाण्याची बाटली देतानासुद्धा दुसरी म्हणाली, “घ्या आजी.” सगळे हसले. तीही हसली. चौथ्या दिवशी ती रांगेत उभी होती.

कोणालाच दुखत नव्हतं आणि टेप सगळ्यांना हवी होती. त्या सकाळी मला यात काहीच विचित्र वाटलं नाही. माझं काम काय, तर विचित्र गोष्टी शोधणं.

माझ्या बहिणीपाशी आल्यावर सरांनी रीळ माझ्याकडे दिलं. “तुमच्या बहिणीला तुम्हीच लावा, मॅडम. भिंतीवर पोस्टर चिकटवता ना? तसंच. सुरकुती नको आणि ताण पूर्ण पाहिजे.”

मला हे काम येतं याचा मला अभिमान होता. पोस्टर वरून खाली उतरवत आणायचं, मधे हवा ठेवायची नाही. बॅनर असेल तर चारही कोपरे ताणून बांधायचे, झोळ आला की अक्षरं वाचता येत नाहीत. मी टेपचा तुकडा कापला. रबरासारखी ताणली जाणारी कापडी टेप, मागे डिंक. बहिणीच्या उजव्या गुडघ्यासमोर बसले. वाटीच्या खाली जो जाड दोर नडगीपर्यंत जातो, त्यावर अंगठा टेकला, जागा नेमकी कळावी म्हणून. तिची मांडी थरथरली.

“दुखतंय?”

“नाही.” ती माझ्याकडे बघत नव्हती. सरांच्या पाठीकडे बघत होती.

मी टेप दोन्ही टोकांना धरून ताणता येईल तितकी ताणली आणि आडवी दाबून बसवली. तिनं दोन उड्या मारून पाहिल्या. “ताई, एकदम हलकं वाटतंय गं.” त्या दिवशी तिनं आठशे मीटर तिच्या आजवरच्या सगळ्यात कमी वेळात काढले. सर म्हणाले, “बघा, हात चांगला आहे तुमचा.” मी खूश. सह्या अकराच मिळाल्या, तरी खूश.

माझ्या अंगठ्याला जे कळलं होतं ते मी तिथेच पुसून टाकलं. अन्याय म्हणतेय तो हाच.

दुखणं नवं नव्हतं. दीड-दोन महिन्यांपूर्वी सरांनी मुलींना जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या धावत चढायला आणि धावत उतरायला लावलं होतं, आठवड्यातून तीनदा, आणि मैदानावर चूक झाली की बेडूकउड्या. तेव्हापासून ती घरी जिना उतरताना कठडा धरायची. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद असते. टेप लावायला लागल्यावर मी तिचं उतरणं ऐकायला लागले. दाराआड उभी राहून. डाव्या पायाची चप्पल वाजायची, मग थोडं थांबणं, मग उजव्याचं हलकं घासणं. टप्, थांबा, सर्र. मी मजले मोजायचे. खाली पोचली की मगच आत यायचे.

घाबरले होते मी. हे लिहायला लाज वाटते, कारण दुसऱ्यांना घाबरू नका असं छापून वाटते मी. एका दुपारी फोनवर गुडघ्याचे व्हिडिओ बघत बसले आणि एका उंच उडीवाल्याचा तो दोर तुटतानाचा व्हिडिओ समोर आला. आवाज बंद होता, तरी मला ऐकू आला. त्यानंतर बहिणीनं कुठलीही उडी मारली, रस्त्यावरचं डबकं जरी ओलांडलं, तरी मी आधी तिच्या गुडघ्याकडे बघायचे. विचारत मात्र नव्हते. तिनं हो म्हटलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं, आणि काहीही केलं तरी तिची चाचणी हातची जाणार असं वाटायचं. त्यापेक्षा रोज सकाळी टेप लावणं सोपं होतं. हाताला काम मिळायचं.

ती म्हणायची, “अजून घट्ट.” मी अजून ताणायचे.

आई अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. आयुष्य ओल्या वाळूत टोपल्या वाहण्यात गेलेलं, त्यामुळे दुखण्याचं तिला कौतुक नाही आणि शंकाही लवकर येते. एकदा बहिणीकडे बघत म्हणाली, “ही मांजरीसारखी का उतरते? आनि ते निळं काय लावलंय? पाय काय लग्नाला उभा केलाय?”

“टेप आहे आई. सगळ्या लावतात.”

“सगळ्यांचे पाय मोडलेत का मग? गरम पानी घे, मीठ टाक, शेक.”

दोघी हसलो. आईला खरं सांगितलं नाही. आठवड्याभरात टेपच्या टोकांपाशी कातडी लाल झाली, बारीक फोड आले. मी काय केलं? टेप बोटभर वर सरकवून लावली.

दुसऱ्या रविवारी सरांनी सगळ्यांना टेम्पोत घालून भुईगावला समुद्रावर नेलं. रविवारी वाळूत धावायचं, हा त्यांचा नियम. मीही गेले, मला आता घरी बसवत नव्हतं. वाड्यांमधल्या अरुंद गल्लीतून टेम्पो हळूहळू चालला होता, दोन्ही बाजूंनी माणसं चर्चमध्ये मिस्साला निघालेली, इस्त्रीचे कपडे, बायकांच्या केसात फुलं. टेम्पोतल्या मुली त्यांच्याकडे बघून एकदम गप्प झाल्या. सुट्टी म्हणजे काय हे बघितल्यासारख्या.

किनाऱ्यावर तिसऱ्या फेरीला बहिणीची टेप सुटली. घाम, खारट हवा, वाळू. आधी एक टोक फडफडलं, मग सगळीच निघून लोंबायला लागली. ती पडली नाही. थांबली. बाकीच्या पुढे गेल्या आणि ती वाकडी वाकडी येऊन सुरूच्या झाडाला धरून उभी राहिली. मी धावत गेले.

“लाव परत.”

“अगं, आधी बस तरी.”

“ताई, लाव ना. सर बघतील.”

मी रीळ काढलं. ओल्या, वाळूनं माखलेल्या कातडीवर टेप चिकटेना. एक तुकडा गेला, दुसरा गेला. तिसरा लावला, तर फोडांवरची साल त्याच्याबरोबर निघाली. तिनं झाडाची साल नखांनी धरली. मग म्हणाली, “टेप नसली की पाय माझा वाटत नाही गं.”

मला इतकी भीती आयुष्यात कशाची वाटली नाही. मोर्चात पोलीस अंगावर आले होते तेव्हाही नाही. समोर माझी बहीण होती आणि तिच्यात आणि तिच्या पायात मी स्वतःच्या हातानं काहीतरी चिकटवून ठेवलं होतं.

सर लांब होते. मी तिला धरून गल्लीत आणलं. पहिल्याच वाडीत एक बाई नळाखाली भांडी विसळत होत्या, मिस्साहून नुकत्याच आलेल्या, चांगली साडी वर खोचलेली. काही न विचारता त्यांनी खुर्ची दिली, गुडघ्यावर पाणी घातलं, आणि मी उरलेली टेप ओढायला लागले तसा माझा हात बाजूला केला.

“ओढू नको, बाय. खोबरेल लाव, थांब थोडी. आपोआप सुटते.” तेल लावता लावता म्हणाल्या, “माझ्या गुडघ्याचं आचोळ्याला एक मुलगी बघते. गोळी नाय, सुई नाय. नुसती विचारत बसते.”

“काय विचारते?”

“तेच. कुठे दुखतं, केव्हा दुखतं. माझा नवरा म्हणतो, एवढं तर मीपण विचारलं असतं. मी म्हटलं, मग विचारलं का नाय पस्तीस वर्षं?”

बहीण हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

सोमवारी आम्ही आचोळ्याला गेलो. दुकानावरच्या माळ्यावर छोटासा दवाखाना. फिजिओथेरपिस्ट माझ्याच वयाची असेल. तिनं फोड पाहिले, लाल पट्टा पाहिला.

“ही टेप कुणी लावली?”

“मी.”

“बॅनर लावत होता का?”

ती गमतीनं म्हणाली. तिला काय माहीत.

मग तिनं मला सांगितलं, “तुम्ही जरा बाहेर थांबा.” मी म्हटलं, मी बहीण आहे. “म्हणूनच,” ती म्हणाली आणि पडदा ओढला.

पडद्याबाहेर मी चपलांच्या स्टँडपाशी उभी. आतून प्रश्न ऐकू येत होते. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर जिना उतरताना किती? मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. घाई केली नाही. कुठेतरी पंखा करकरत होता. आणि मग माझ्या बहिणीचा आवाज आला, अगदी साधा, वेळ सांगावी तसा.

“सात.”

मला ती दोन आठवडे रोज ‘नाही’ सांगत होती. म्हणजे, मी रोज विचारत होते असंही नाही.

पडदा उघडल्यावर फिजिओनं नीट समजावलं. वाटी आणि नडगी जोडणारा तो दोर, टेंडन, तो उड्यांनी आणि पायऱ्यांनी थकलाय. पेलवत नाही इतकं काम रोज पडतंय आणि सावरायला वेळ नाही. “तुटेल का?” मी विचारलं. “तसं फार क्वचित होतं. तुम्हाला घाबरवायचं नाहीये मला. पण असंच चालू ठेवलं तर हे दुखणं महिनोन्महिने जात नाही, आणि मग चाचणी पास होऊनही ट्रेनिंगला काय कराल?”

टेपला ती वाईट म्हणाली नाही, हे मला लिहायलाच हवं, कारण माझ्या डोक्यात तोवर पत्रकाचं शीर्षक तयार होतं: निळं विष. “काही जणांना टेपनं दुखणं थोडं कमी वाटतं, थोडा वेळ,” ती म्हणाली. “त्या थोड्या वेळात हलका व्यायाम करता आला तर चांगलंच आहे. पण टेप काही टेंडन बरं करत नाही. तुम्ही ती लावून काय करत होता?”

“बेडूकउड्या,” बहीण म्हणाली. “दुखत नाही वाटल्यावर जास्त मारल्या.”

“मग टेपचा काय दोष?”

तिनं मला टेप लावायला शिकवलं. कातडी कोरडी आणि स्वच्छ हवी. कोपरे गोल कापायचे. ताण मधे, तोही बेताचा, आणि दोन्ही टोकं अजिबात न ताणता नुसती ठेवायची. मी टोकंच ताणत होते, म्हणून फोड. खाज आली की काढायची. आणि फोड भरेपर्यंत टेप बंद. बाकी खरं काम कंटाळवाणं होतं: उड्या बंद, पायऱ्या बंद, भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं पंचेचाळीस सेकंद धरून राहायचं, पाच वेळा. धावणं हळू आणि मोजकं. दुखणं तीनच्या वर गेलं की थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायचं. चाचणीला जायचं की नाही ते बहिणीनं ठरवायचं.

आता दुसरी चूक सांगते. ती पहिलीपेक्षा मोठी.

मंगळवारी सकाळी पुन्हा तीच भिंत, तीच रांग. सर ओरडले, “कोणाला दुखतंय?” बहीण रांगेत उभी होती, पाय विटेवर, मान खाली. तिनं मला आदल्या रात्री सांगितलं होतं, मी सरांशी एकटी बोलेन, सराव संपल्यावर. पण माझ्या पिशवीत रात्री लिहिलेलं पत्रक होतं आणि माझ्या तोंडात तो आकडा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “हिला दुखतंय. सात दुखतंय. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तुम्ही विचारता ते असं विचारता की कुणी उत्तर देऊ नये.”

रांगेतून कुणीतरी हळूच, “या, पेन्शनर.”

सर चिडले नाहीत. ते मला अपेक्षितच नव्हतं. रीळ खिशात टाकत म्हणाले, “मॅडम, मी रोज विचारतो. तुम्ही दोन आठवडे इथे आहात. तुमच्यासमोर विचारतो.” मग भिंतीला टेकले, आणि टेकताना त्यांचा उजवा पाय सरळच राहिला, वाकला नाही. इतके दिवस मी ते पाहिलं नव्हतं. “माझ्या वेळी मला कुणी तेवढंही विचारलं नव्हतं,” ते म्हणाले.

बहीण जाऊन तुटक्या बाकावर बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. घरी जातानाही नाही. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर, दारात, किल्ली हातात धरून म्हणाली, “टेप पण तूच लावलीस. दुखतंय ते पण तूच सांगितलंस. माझा गुडघा मला कधी देणार आहेस?”

तीन दिवस ती बोलली नाही. पत्रक मी छापलं नाही. भीती होती तशीच होती, फक्त तिची दिशा बदलली. आधी दोर तुटेल अशी भीती होती. आता वाटायला लागलं, ती मला पुन्हा कधी काही सांगणारच नाही.

चौथ्या दिवशी मैदानाच्या बाहेरून पाहिलं. ती बाकावर नव्हती. बाकाशेजारी भिंतीला पाठ लावून, मांड्या आडव्या करून, हवेत बसली होती. घाम गळत होता. सर घड्याळ बघून सेकंद मोजत होते. ती त्यांच्याशी एकटी बोलली होती, काय ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. शेजारी आणखी एक मुलगी तशीच बसली होती. बाकीच्या रांगेत होत्या, पाय विटेवर, आणि कोणालाच दुखत नव्हतं.

आज सकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. आई खाली गेली होती. मी विचारलं, “आज किती?” आणि तोंड मिटून उभी राहिले. किती कठीण आहे ते. गाळण्यातून चहा संपला, तिनं चोथा दाबला, कप पुसला. माझ्या तोंडात चार उत्तरं तयार होती.

“सरळ चालताना दोन,” ती म्हणाली. “उतरताना चार.” मग, “जाणार आहे मी. त्या दिवशी टेप तू लाव. टोकं ताणू नकोस.”

चाचणी आठ दिवसांवर आहे. मला अजून भीती वाटते. ती खाली उतरते तेव्हा अजून मी दाराआड उभी असते.

तुमच्या घरात कुणी धावत असेल, कबड्डी खेळत असेल, भरतीच्या मागे असेल आणि त्याच्या गुडघ्यावर टेप दिसत असेल, तर आज त्याला विचारा, किती दुखतंय. रांगेत नाही, जेवायला सगळे बसलेत तेव्हा नाही. एकट्याला विचारा. आणि मग गप्प बसा, तो बोलेपर्यंत. जे सांगेल ते दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी त्यालाच विचारा. तोवर त्या रिळाला हात लावू नका.